एका छत्रीपुरतं छप्पर

‘श्री ४२०’मधलं ‘प्यार हुआ इक़रार हुआ’ हे गाणं सुरू होतं त्याच्या जरा आधी नायकाकडे चहाचेसुद्धा पैसे नसतात. पाऊस लागलाय, रस्त्याकडेला चहावाला बसलाय, याने मोठ्या तोऱ्यात तिला चहाला थांबवलंय आणि पैसे द्यायची वेळ आल्यावर खिसे चाचपत बसलाय. शेवटी पैसे तीच देते. मला गाण्याच्या अलीकडचं हे मिनिटभर फार आवडतं. मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्यांत ते बहुतेक वेळा कापलेलं असतं. थेट व्हायोलिनं सुरू होतात आणि छत्री दिसते.

छत्रीच दिसते सगळ्यांना. राज कपूर, नर्गिस, काळी छत्री, पाऊस. ते चित्र कॅलेंडरांवर गेलं, चहाच्या मगांवर गेलं, हॉटेलांच्या भिंतींवर गेलं, लग्नाआधीच्या फोटोशूटमध्ये तर हल्ली भाड्याच्या पावसासकट मिळतं. त्याबद्दल तक्रार नाही. पण गेली काही वर्षं माझं असं मत होत चाललंय की हे गाणं प्रेमाचं आहे त्यापेक्षा अंमळ जास्त डोक्यावरच्या छपराचं आहे.

‘श्री ४२०’ आला १९५५ साली. कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची, लिखाणात त्यांच्यासोबत व्ही. पी. साठे. अलाहाबादहून बी. ए. झालेला नायक राज मुंबईत येतो, येताना प्रामाणिकपणाबद्दल मिळालेलं पदक घेऊन येतो, आणि आल्याआल्या ते गहाण टाकतो. झोपायला फुटपाथ. पुढे लॉन्ड्रीत नोकरी. नायिका विद्या गरीब पोरांना शिकवते, वडिलांबरोबर राहते. दोघांचा मिळून महिन्याचा हिशेब मांडला तर खोलीचं भाडं कुठल्याच रकान्यात बसायचं नाही. अशा वेळी पहिल्याच ओळीत गीतकार शैलेंद्र विचारतो, प्रेम झालं, कबुलीही झाली, मग मन घाबरतंय कशाला? आणि दुसऱ्या ओळीत उत्तर येतं ते बापाच्या विरोधाचं नाही, जातीचं नाही, खलनायकाचं तर नाहीच. रस्ता अवघड आहे आणि मुक्काम कुठे ते ठाऊक नाही, एवढंच. मुक्काम! मुंबईतल्या कुठल्याही ठरलेल्या लग्नात तेव्हा हाच प्रश्न होता. फाळणीनंतर माणसं लोंढ्याने आलेली, १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर जुनी जागा कोणी सोडायला तयार नाही, नवी घ्यायची तर पागडी मोजा.

माझ्या आत्याचं लग्न साधारण त्याच सुमाराचं. गिरगावातली चाळ, दोन खोल्या, माणसं नऊ. नवं जोडपं म्हणून स्वयंपाकघर त्यांना दिलेलं, पण रात्री अकरापर्यंत तिथे सासूबाईंची भांडी वाजत असायची आणि पहाटे पाचला नळ येतो म्हणून कोणीतरी बादली घेऊन आत. ती सांगायची, बोलायचं असलं की आम्ही चौपाटीवर जायचो, आणि पावसाळ्यात फार बरं पडायचं. का? तर गर्दी कमी, भेळवाले हाका मारत नाहीत, आणि छत्री असते. एरवी ती भावनाप्रधान वगैरे बाई नव्हती. रेशनच्या साखरेबद्दल बोलावं तसं हे ती सांगायची. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर आजही ऐन उन्हात छत्र्या उघडून बसलेली पोरं-पोरी दिसतात. येणारेजाणारे नाकं मुरडतात. मुरडोत बापडे. या शहरात दार लावता येईल अशी जागा वयाच्या तिशीपर्यंत किती जणांना मिळते?

आता त्या रस्त्याबद्दल. मुंबईतला हा सर्वांत गाजलेला पावसाळी रस्ता मुंबईच्या रस्त्यांपैकी नव्हताच. तो चेंबूरला राज कपूरच्या आर. के. स्टुडिओत उभा केलेला होता. कलादिग्दर्शन एम. आर. आचरेकरांचं, मुळात चित्रकार माणूस. बाहेर खरा पाऊस धोधो पडत असताना आत पाइपातून खोटा पाडायचा, हा आपल्या सिनेमावाल्यांचा जुना उद्योग, पण त्याला कारण आहे. खरा पाऊस कॅमेऱ्यात नीट दिसत नाही. समोरून लाइट टाकला तर थेंब गायब होतात आणि नुसतीच ओली माणसं उरतात. थेंब दिसायचा तर त्याच्या पाठीमागून उजेड यायला हवा. हे गाणं एकदा आवाज बंद करून बघा. पावसाच्या रेघा काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या, वेगवेगळ्या मोजाव्यात अशा दिसतात, जमीन चकाकते, आणि काळ्या छत्रीखाली दोन चेहरे मात्र सावलीत न जाता मऊ उजळलेले राहतात. छत्री म्हणजे कॅमेरामनच्या दृष्टीने कटकटच. वरचा उजेड ती अडवणार, खालून वेगळा द्यावा लागणार, आणि तो दिला हे कळता कामा नये. राधू कर्मकार यांनी ते केलं. ‘श्री ४२०’च्या छायाचित्रणाला फिल्मफेअर मिळालं, संकलनासाठी जी. जी. मयेकरांनाही मिळालं. अशा नावांवर श्रेयनामावलीत आपली नजर ठरत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

शैलेंद्र माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये नोकरीला होता आणि इप्टा या डाव्या विचारांच्या नाट्यसंस्थेच्या कार्यक्रमांत कविता म्हणायचा. राज कपूरने त्याला तिथे ऐकलं, सिनेमासाठी लिही म्हणाला, आणि याने नाही सांगितलं. कविता विकायची नाही म्हणून. मग घरात पैशांची नड आली तेव्हा आपणहून गेला. ‘बरसात’साठी दोन गाणी लिहिली आणि पुढे आर. के.चाच होऊन गेला. हे सगळं सिनेमाच्या पुस्तकांतून इतक्यांदा येऊन गेलंय की सांगताना जरा संकोच वाटतो. पण या गाण्याच्या बाबतीत ते विसरून चालत नाही. चहाला पैसे नसलेल्या माणसाचं प्रेमगीत लिहिणारा स्वतः कामगारवस्तीत राहिलेला होता. त्यामुळे त्याने चांदण्यांचे महाल बांधले नाहीत. पुढच्या कडव्यात एक चंद्र येतो, पण तोही धमकी म्हणून. आपली साथ सुटली तर हा चंद्र पुन्हा चमकायचा नाही.

तिसऱ्या कडव्यावरून संगीतकार जोडीतल्या जयकिशनशी वाद झाला असं सांगतात. ‘रातें दसों दिशाओं से’ अशी ओळ. जयकिशनचं म्हणणं, चार दिशा म्हण, पब्लिकला दहा दिशा कुठे ठाऊक? शैलेंद्र हटला नाही. लोकांची आवड आहे तशी पुरवत बसणं हे कवीचं काम नव्हे, ती सुधारणं हे काम आहे, असा त्याचा पवित्रा. दहाच राहिल्या. मराठी माणसाला या भांडणाची गंमत वाटते, कारण पोटासाठी दाही दिशा फिरणं हे आपल्याकडे शाळेत न गेलेली बाईसुद्धा म्हणते.

त्या जोडीतला शंकर हैदराबादेत वाढलेला, तबल्याचा माणूस. जयकिशन गुजरातेतल्या वांसद्याचा, पेटीवाला. दोघेही पृथ्वी थिएटरमध्ये नोकरीला होते, तिथून ‘बरसात’. त्यांच्या मागे उभी असलेली दोन माणसं गोव्याची. सेबास्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरात बँड चालवायचे. स्वरलिपी वाचता-लिहिता येणारे, मूळ चालीच्या पाठीमागे व्हायोलिनांची दुसरी चाल चालवण्यात हातखंडा. आणि ठेक्याला दत्ताराम वाडकर. पुढे ‘आंसू भरी हैं’सारखं गाणं ज्यांनी दिलं ते दत्ताराम, शंकर-जयकिशनकडे त्यांची हयात गेली. गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी मुंबईच्या सिनेमाला किती वादक पुरवले याचा हिशेब अजून कोणी धड मांडलेला नाही, असं मला वाटतं. गायक श्वास घेतात तेवढ्या फटीत ती व्हायोलिनं काय करतात ते ऐका. ती नुसती जागा भरत नाहीत. दोघांना जे बोलता येत नाही ते मागच्या मागे बोलून घेतात.

तेव्हा रेकॉर्डिंग म्हणजे सगळं एकदम. गायक, तीस-चाळीस वादक, कोरस असेल तर तोही, एका खोलीत, एका दमात. शेवटच्या ओळीला कोणाचा व्हायोलिनवरचा बो घसरला की पुन्हा पहिल्यापासून. आज युगुलगीतातले दोन गायक एकमेकांचं तोंड न बघता वेगवेगळ्या शहरांत आपापली ओळ टाकून जातात, आणि त्यातूनही चांगली गाणी होतात, नाही असं नाही. पण ‘कहो कि’ असं एकाने म्हटल्यावर दुसऱ्याने ‘तुम भी कहो’ म्हणायचं, हे समोरासमोर उभं राहून म्हटलेलं असलं की कळतं. अर्ध्या सेकंदाचा फरक असतो.

आणि मन्ना डे. राज कपूरचा आवाज म्हणजे मुकेश हे तोवर ठरून गेलेलं होतं. ‘आवारा’ गाजून चार वर्षं झालेली, याच चित्रपटात ‘मेरा जूता है जापानी’ मुकेशचंच आहे. मग इथे मन्ना डे का? कारणं वेगवेगळी सांगतात, मला त्यात पडायचं नाही. परिणाम काय झाला तेवढं बोलतो. मुकेशच्या आवाजात एक दमलेपणा आहे, तोच त्याचा मोठेपणा. पण हे गाणं मुकेशने म्हटलं असतं तर भीती जिंकली असती. दोन ओळींतच आपल्याला कळलं असतं की यांचं काही खरं नाही. मन्ना डेंचा आवाज निकोप, मोकळा. काका कृष्णचंद्र डे यांच्याकडे घोटून घेतलेला. त्यांच्यावर बरीच वर्षं शिक्का पौराणिक गाण्यांचा. ‘रामराज्य’मध्ये शंकरराव व्यासांकडे गायले, आणि मग सगळे त्यांना म्हाताऱ्या ऋषीमुनींसाठीच बोलवायला लागले. तेवीस-चोविशीतल्या माणसाच्या नशिबी पांढऱ्या दाढ्या! अशा माणसाला बारा वर्षांनी पावसात भिजणारा नायक मिळाला. तो ‘रस्ता मुश्किल’च्या गाण्यात सरळ उभा राहतो. लता घाबरते आणि तो आधार देतो असं सोपं वाटपही नाही, दोघंही आळीपाळीने घाबरतात आणि सावरतात. मुकेश माझा अत्यंत आवडता गायक आहे, म्हणून हे लिहिताना जीवावर येतं, पण इथे तो नाही हे बरं झालं.

ती मुलं. शेवटच्या कडव्यात रेनकोट घातलेली तीन मुलं हात धरून पावसातून चालत जातात आणि नर्गिसच्या तोंडी ओळ येते की मी नसेन, तू नसशील, खुणा मात्र राहतील. ही मुलं राज कपूरची स्वतःची, रणधीर, ऋतू आणि ऋषी. धाकटा ऋषी तेव्हा तीन वर्षांचाही झाला नव्हता. त्याने आत्मचरित्रात लिहिलंय की पावसाचं पाणी डोळ्यांत जाऊन तो रडायचा, शॉट द्यायला तयार नसायचा, तेव्हा नर्गिसने त्याला चॉकलेटची लाच दाखवून चालायला लावलं. मोठेपणी तो गमतीने सांगायचा, पण त्या प्रसंगात मला गमतीपेक्षा वेगळंच काही दिसतं. मुलं राज कपूरच्या बायकोची, कृष्णा राज कपूर यांची. त्यांना चॉकलेट देऊन चालवणारी, आणि मग त्यांच्याकडे बोट करून आपल्या प्रेमाच्या खुणा म्हणणारी नर्गिस. सेटवरच्या सगळ्यांना हे ठाऊक असणार. कोणी काही बोललं नसेल. पुढच्या वर्षी ‘चोरी चोरी’ आला, मग ‘जागते रहो’त ती शेवटी पाणी पाजायला येते, आणि ती जोडी तिथे संपली. १९५८ मध्ये तिने सुनील दत्तशी लग्न केलं. पडद्यावरच्या आणि पडद्यामागच्या गोष्टी अशा एकमेकांत घालून बघू नयेत, हे मला मान्य आहे. पण या एका शॉटमध्ये त्या दिग्दर्शकानेच घातलेल्या आहेत. भाड्याची तीन मुलं मुंबईत मिळत नव्हती असं थोडंच आहे?

२०२० च्या जानेवारीत ऋतू नंदा गेल्या, एप्रिलच्या तीस तारखेला ऋषी. तीनातल्या दोन खुणा चार महिन्यांत. लॉकडाउन होता, अंत्ययात्रेला मोजकी माणसं, आणि त्या रात्री ज्याच्या-त्याच्या फोनवर रेनकोटातली ती मुलं चालत होती. लताबाई गेल्या तेव्हा पुन्हा तीच ओळ स्टेटसवर. शैलेंद्र तर १९६६ च्या १४ डिसेंबरला गेला, राज कपूरच्या वाढदिवशी.

गाण्यातला शब्द चित्रपटातच मोडतो, हे मात्र स्टेटस ठेवणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. प्रीतीचं गीत बदलणार नाही असं म्हणून झाल्यावर थोड्याच वेळात राज मायाच्या नादी लागतो, पत्ते पिसायला लागतो, सूट घालतो. तिकडे माया झालेली नादिरा ‘मुड़ मुड़ के न देख’ म्हणते आणि इकडे विद्या जाणाऱ्याला वळून बघायला विनवते. आणि शेवटचा घोटाळा कसला? तर शंभर रुपयांत घर. सेठ सोनाचंद फुटपाथवरच्या लोकांना शंभर-शंभर रुपयांत घर देण्याचं आमिष दाखवतो, आणि त्या योजनेचा चेहरा म्हणून हा राज उभा. म्हणजे ज्याने छत्रीखाली उभं राहून मुक्काम कुठे असं विचारलं, तोच दुसऱ्यांना खोटे मुक्काम विकायला निघतो. या दोन टोकांच्या मधे ते गाणं ठेवलं की ते गोड राहत नाही, चांगलं होतं. सत्तर वर्षांत ‘शंभर रुपयांत’च्या जागी दुसरा आकडा आला, बाकी जाहिराती त्याच. बुकिंग करून दहा-दहा वर्षं वाट बघणारी माणसं माझ्याच ओळखीत आहेत.

आर. के. स्टुडिओला सप्टेंबर २०१७ मध्ये आग लागली, मुख्य फ्लोअर जळाला. २०१८ चा गणपती तिथला शेवटचा. आर. के.चा गणपती म्हणजे चेंबूरकरांच्या घरचं कार्य असायचं, विसर्जनाला रस्ता बंद. २०१९ मध्ये जागा गोदरेज प्रॉपर्टीजने घेतली, आणि राहण्याच्या इमारती आल्या. कपूर मंडळींनी विकायला नको होता असं म्हणणारे पुष्कळ भेटले. चालत नसलेला स्टुडिओ नुसता स्मारक म्हणून पोसायचा कोणी, हे त्यांना विचारलं की विषय बदलतात. घरंच झाली ना तिथे, मला तर ते बरोबर वाटतं. फक्त ती शंभर रुपयांत नाहीत.

गाण्याचा खरा मुक्काम सध्या कराओके क्लबांत आहे. ठाणे, डोंबिवली, पुणे, कुठेही जा, शनिवारी संध्याकाळी एखाद्या मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये माणशी पैसे भरून निवृत्त मंडळी गातात. सोलोला एक दर, युगुलगीताला दोघांत वाटून. आमच्याकडच्या क्लबात या गाण्यासाठी नंबर लावावा लागतो, आणि संचालकांनी नियम केलाय की एका कार्यक्रमात ते एकदाच. जोड्या बहुधा नवरा-बायकोच्या नसतात. बँकेतून निवृत्त झालेले काका आणि पलीकडच्या सोसायटीतल्या काकू, एकमेकांचं आडनाव धड माहीत नाही, पण पट्टी जुळते. नवरा पहिल्या रांगेत बसून शूटिंग करतो. कोणालाही त्यात काही वावगं वाटत नाही. घरात हार्मोनियम काढली की सून दार ओढून घेते अशी तक्रार असलेल्यांना इथे तीन-चार मिनिटं हक्काची मिळतात.

मागच्या वेळी काकूंचा फोन ऐन तिसऱ्या कडव्याला बंद पडला. शब्द त्यावरच होते. ट्रॅक काही थांबत नाही. काकांनी आपला फोन त्यांच्यापुढे धरेपर्यंत ओळ येऊन ठेपली, आणि काकूंनी बिनदिक्कत म्हटलं, ‘रातें चारों दिशाओं से’. सुरात, ठेक्यात, एक मात्रा इकडची तिकडे नाही. सभागृहात कोणाच्याही कपाळावर आठी नाही, टाळ्या पडल्या त्याही भरपूर. जयकिशनचा मुद्दा पासष्ट-सत्तर वर्षांनी डोंबिवलीत सिद्ध झाला. मी चहाच्या वेळी काकूंना सांगायला गेलो की त्या दहा आहेत. त्या म्हणाल्या, माहिती आहे हो, पण ऐन वेळी चारच सापडल्या.